पाच टक्के

मुसळगावच्या वसाहतीत रात्रपाळीला
वाऱ्यालाही कांद्याचा वास असतो.
रिक्षावाला माझी ओढणी हुंगूनच ओळखतो
कोणत्या गेटपाशी सोडायचं ते.

शंभर किलो पांढरा कांदा पट्ट्यावर चढतो
तेव्हा खरं तर पाणीच चढत असतं,
कांद्याचा आकार घेतलेलं.
पलीकडे उतरतात बारा-तेरा किलो चकत्या,
पतंगाच्या कागदासारख्या.
बाकीचं धुराड्यातून जातं सिन्नरच्या आभाळात,
त्याची कुणी पावती फाडत नाही.

माझं काम उरलेल्याशी.
पाच ग्रॅम, पत्र्याची थाळी, हॅलोजनचा दिवा, झाकण.
वजन आधी भराभर घसरतं,
मग तिसऱ्या दशांशावर अडखळतं,
जायचं की थांबायचं
ठरत नसलेल्या पाहुण्यासारखं.

पाचाच्या वर गेलं तर पोत्यात ढेकळं होतात,
बुरशी धरते.
फारच खाली गेलं तर चकत्या तांबूस पडतात,
शिवाय खैरनार शेठ म्हणतात,
"मॅडम, एक टक्का पाणी म्हणजे एक टक्का माल.
आभाळाला फुकट का वाटताय?"
म्हणून मी पाणी घालवते
आणि थोडं राखतेही.

काल पावणेतीनला
ड्रायरवरचा अस्लम पिंजारी मूठभर चकत्या घेऊन
लॅबच्या दारात उभा.
मूठ कानाशी धरलेली.
"वाजत नाहीये, मॅडम."

मी मशीन त्याच्याकडे वळवलं. चार पूर्णांक आठ.
त्यानं आकडा वाचला, मान हलवली.
"बरोबर असेल. पण वाजत नाहीये."

राग आला, खोटं कशाला सांगू.
माझं एम.एस्सी., कॅलिब्रेशनचं ताजं प्रमाणपत्र,
आणि ह्याची मूठ.

तरीही गेले.
एरवी मी नमुना घेते पट्ट्याच्या मधोमध,
शिडी न लावता हात पोचतो तिथून.
अस्लमनं शिडी लावली,
डाव्या कडेला, तिसऱ्या कप्प्याखाली हात घातला.
पंख्याचा बेल्ट सैल पडला होता तिथे,
गरम हवा नुसती चाटून जात होती.

उजवी कड: चार पूर्णांक एक.
मध्य: चार पूर्णांक आठ.
डावी: सात पूर्णांक तीन.

सात पूर्णांक तीन.
दिव्याखाली तो आकडा बराच वेळ हलला नाही.
मीही नाही.

नऊशे किलोंवर लाल चिठ्ठ्या बांधल्या.
ते सोपं होतं.
मग वही उघडली.
अकरा रात्री माझ्याच अक्षरात,
चार-आठ, चार-सात, चार-नऊ, चार-आठ,
शाळेतल्या शुद्धलेखनासारखे सरळ.
एकही आकडा खोटा नाही.
सगळे मधोमधचे.

त्यातला अर्धा माल गुरुवारी न्हावाशेव्याला गेला.
बोटीवर रात्री पत्रा गार होतो,
आतल्या छताला घाम सुटतो,
आणि कडेच्या चकत्यांमध्ये
माझ्या हाताबाहेर राहिलेलं पाणी
आता हळूहळू शेजाऱ्यांना वाटलं जात असेल.

अस्लम चहा घेऊन आला.
"बेल्ट मीच मागल्या महिन्यात सांगितला होता," म्हणाला,
आणि लगेच, "तोंडीच सांगितला होता."
मग आम्ही दोघंही कपात बघत राहिलो.

डेसिकेटरमधले निळे खडे गुलाबी झाले होते.
पाणी पिऊन ते रंग बदलतात, लपवत नाहीत.
भट्टीत ठेवले, तास-दीड तासात पुन्हा निळे.
तेवढ्या वेळात मी अर्ज लिहिला.
तीनदा खोडला.
पहिल्यांदा बेल्टला दोष दिला,
दुसऱ्यांदा शिडीला.
तिसऱ्यांदा "अनवधानाने" हा शब्द लिहिला
आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

चौथ्या कागदावर तारखा लिहिल्या,
पोत्यांचे क्रमांक,
आणि नमुना कुठून घेतला ते.

सहाला पाळी सुटते.
साफसफाईच्या बायका आल्या, ओठांना तूप लावत;
इथं सगळ्यांचेच ओठ फुटतात.
मी शेठचा नंबर लावून मोबाईल कानाशी धरला,
अस्लमसारखा.

वाजतंय.