अर्थाची वायर

हिरवी असते ती. तीन वायरींतली सगळ्यात गरीब.
आम्ही मिस्तरी तिला नुसतं ‘अर्थ’ म्हणतो.
तिच्यावर पंखा चालत नाही, पंप चालत नाही,
म्हणून गिऱ्हाईक विचारतं, ही काहून लागते?
मी म्हणायचो, लागते.
आणि तिचे पैसे वेगळे लावायचो.

मोहननगरात सुवार्ताबाईंच्या खोलीत
कूलर मीच बसवला. नवतपा लागला होता,
टिनाचं छप्पर संध्याकाळीसुद्धा हात लावू देत नव्हतं.
चार फूट खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी:
साडेतीनशे रुपये मोजून घेतले
आणि खड्डा खणला नाही.
हिरवी वायर आत मुडपली, वरून टेप मारला.
उन्हात कोण खणतो.

रूबेन नऊ वर्षांचा होता.
अंघोळ करून आला, ओल्या अंगानं
कूलरच्या जाळीला गाल लावून उभा राहिला,
सगळीच पोरं राहतात तसा.

लोक म्हणाले, देवाची मर्जी.
पंचनाम्यात आलं, ओलावा.
जरीपटक्याच्या कबरस्तानापर्यंत
खांदा बदलायला किती जण पुढे आले,
मी दिला नाही.

अकरा वर्षं.
महिन्याच्या पहिल्या रविवारी
भाकर मोडायच्या आधी मी उठायचो.
कधी पोट, कधी गिऱ्हाईक, कधी पंचर.
दाराशी चपला शोधताना मागून
पाळकसाहेबांचा आवाज यायचा, मेज मांडलं आहे, या.
वाटायचं, दुसऱ्या कुणाला बोलावतात.

यंदा, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी,
चर्चचे कूलर धुवायला गेलो. एकटाच.
जुनी खस उपसली,
ओल्या फरशीवर उकिडवा बसलो, टेस्टर दातात धरून.
समोर सागाचा वधस्तंभ, हजारदा पाहिलेला.
लोक आडवं लाकूड पाहतात, त्यावरचे हात.
मी त्या दिवशी उभं पाहिलं.
वरून येतं, खाली जातं,
खाली जमिनीत गाडलेलं,
आणि मध्ये एक अंग,
कुणाकुणाचं सगळं स्वतःतून जाऊ देणारं.
अरे, म्हटलं, ही तर हिरवी वायर.

टेस्टर पडला. मी बोलायला लागलो.
प्रार्थना म्हणता येणार नाही, हिशेब होता:
तारीख, माप, साडेतीनशे.
कुणी उत्तर दिलं नाही.
पण पहिल्यांदाच तिथून उठून जावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी गेलो तेव्हा सुवार्ताबाई
चवळीच्या शेंगा मोडत होत्या.
उभ्याउभ्याच सांगितलं.
मोडण्याचा आवाज चालूच राहिला. मग थांबला.
बराच वेळ नुसते कामठी रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न.
मग म्हणाल्या,
“अंघोळ मीच घातली होती त्याले.
नीट पुसलं नाही म्हणून गेला,
असंच धरून चालली होती मी.”

मला हे ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं त्या बाईनं माझं पाप
ओल्या टॉवेलसारखं हातात धरलं होतं.

क्षमा केली वगैरे त्या बोलल्या नाहीत.
कोपऱ्यातली सब्बल काढून दिली.
“खण आता.”

लिंबाखाली खणलं. आधी मुरूम, मग काळी माती,
मे महिन्यात दगड होऊन बसलेली.
रात्रीचे दहा वाजले.
कोळसा शेजारच्या इस्त्रीवाल्याचा.
मीठ त्यांनी घरातनं आणलं, रोजच्या स्वयंपाकाचं,
बरणी उपडी केली,
बूड थोपटलं,
एक खडा मागे ठेवला नाही.

रविवारी बसून राहिलो.
नखांत कोळसा होता, भाकरीच्या तुकड्याला डाग पडला.
तसाच खाल्ला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहावं, असं
मी मागतही नाही.

रूबेन नाही. ते कुठल्या खड्ड्यात भरून येत नाही.
अजून कधीमधी अंगातून सणक जाते,
रात्री, कूलरच्या घरघरीत.
पण आता ती माझ्यात थांबत नाही.
मी उठतो, अनवाणी पाय जमिनीला टेकवतो.
खाली जाते.