जांभळा दाणा

पेरूहून आलेली गोण
कस्टमात सतरा दिवस पडून होती.
मग पुण्याचा बायपास, मग कोगनोळीचा नाका,
आणि शेवटी शहापुरात, खडे बाजाराच्या मागच्या गल्लीत
माझ्या भट्टीपाशी ती उतरवली दोघा हमालांनी,
एक कानडीत शिव्या देत, एक मराठीत.

तागावर निळ्या शाईतला डोंगर.
खाली स्पॅनिश. ताणून ताणून एवढंच लागलं
की ही सोसायटी आहे, तीनशे बारा घरांची,
कुणाची दोन एकर, कुणाची अडीच,
फवारा नाही, पोत्यातलं खत नाही,
आणि भाव आधी ठरलेला.
आत प्लास्टिकमध्ये एक चिठ्ठी:
या मालाची धनीण, एउलालिया किस्पे.
वय नाही. फोटो नाही.

गोदाक्का निवडायला बसते.
तीस वर्षं निपाणीच्या वखारीत
तोंडाला पदर बांधून तंबाखू झाडली तिनं.
अजून बोटांच्या पेरांवर एक तपकिरी आहे,
साबणाला न जुमानणारी.
सुपात हिरवट बिया ओतते,
फुटकी इकडं, किडकी तिकडं.
"औषध मारलं न्हाई म्हणतोस ते खरं हाय की रे.
किड्यानं सही केलीया बघ."

मधेच सूप थांबतं.
तिच्या तळहातावर मक्याचा एक दाणा,
पिवळा नव्हे,
जांभळा, वांग्याच्या सालीसारखा.
"बांधाला मका लावत्यात वाटतं ह्या बायका.
आन् एकाच अंगणात दोन्ही वाळवत्यात.
कोंबड्या हाकायला पोरगं बसवलं असणार.
पोरगं झोपलं असणार."

चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं.

"रास्त भाव म्हंजे काय रे?"
मी सांगतो: बाजार पडला तरी
ठरल्या आकड्याच्या खाली घ्यायचं नाही.
वर थोडे पैसे, त्यांच्या शाळेला, रस्त्याला.
"कोण ठरवतंय?"
कागद असतो, गोदाक्का.
"निपाणीतबी कागद होता.
अंगठा आमचा, आकडा शेटचा."

सूप पुन्हा हलतं.
मग, मान वर न करता:
"माझा काय?"
काय तुझा?
"रास्त."

भट्टीत तेवढ्यात बिया तडतडल्या,
ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा.
मी उगाच तिकडं बघत राहिलो,
खरं तर ते यंत्र आपलं आपण थांबतं.
टेबलावर छापून आलेली लेबलं,
तीन लिप्या, अक्षरांची मापं नियमाप्रमाणं,
कोपऱ्यात गोल शिक्का,
किस्पेबाईंच्या हक्काचा.
गोदाक्काला मी देतो दिवसाला तीनशे वीस.

चारशे, म्हटलं.
"बाजार पडला तर?"
तरी.
"लिहून दे."
बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहिलं, मराठीत.
तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"खाली कानडीतबी लिही.
नातू कानडी साळंत जातोय,
वाचून तोच दावणार."
सही नाक्यावर, बँकेत, रोज करतो मी त्या लिपीत,
पण एक सबंध वाक्य?
दोनदा खोडलं. ऐकून माहीत असलेलं
हाताला माहीत नव्हतं.
चारशेचा आकडा तेवढा ठणठणीत आला.

पहिला घाणा निवला तेव्हा कप पुढं केला.
तिनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला.
"चुलीवर इसरलेल्या शेंगांवानी लागतंय."
जरा थांबून,
"वाईट न्हाई. पर मला च्याच दे."

साडेपाचला उठली, गुडघ्यावर हात टेकून.
कागदाच्या चार घड्या घातल्या,
आत जांभळा दाणा ठेवला,
पदराच्या टोकाला गाठ मारली.
वडगावच्या बाजूला निघून गेली.

पेरणार की कोंबडीला टाकणार,
मी विचारलं नाही.
सुपाच्या कडेला किडक्या बियांचा
एक छोटा ढीग होता,
सह्यांचा.