शोवॉल्टरची दारं

धडकेआधी बाहुल्यांची तोंडं मीच रंगवते.
कपाळाला पिवळा, नाकाला निळा,
डाव्या गुडघ्याला लाल, उजव्याला हिरवा.
रंग ओला हवा, म्हणजे कुठलं अंग कशावर आपटलं
ते नंतर एअरबॅगवरच्या डागांवरून वाचता येतं.
आई फोनवर म्हणाली, म्हणजे मळवट भरतेस की गं.
हो, म्हटलं. रोज दोघांचा.
नवस कुणीच बोललेला नसतो.

स्टँटनबाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे आमची शेड.
आत एक भिंत, आणि भिंतीकडे जाणारा रूळ.
चाळीस मैलांचा वेग. पापणी मिटायच्या आत संपतं,
मग तासभर काच झाडत बसायचं.

त्या चौकोनी जीपमध्येही बाहुला मीच बसवला होता,
दारं लावून, छप्पर आवळून,
टायर कंपनीच्या मापाचे,
कागदावर लिहिलंय अगदी तसं.
धडक झाली आणि ती सावकाश कुशीवर कलंडली,
दुपारी डबक्यात म्हैस कलंडते तशी.
तीन तारे.

अर्ल शोवॉल्टरकडे तीच जीप.
एप्रिल सरला की तो दारं काढतो,
कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवतो.
त्यांच्या सावलीला कोंबड्या बसतात.
पुढे पोलादी बंपर, गाडी वीतभर उचललेली,
चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी.
हिच्यात मला काही होत नाही, म्हणतो.
डोंगरात दोनदा उलटलाय.
खरंच काही झालं नाही.

माझी गाडी छोटी, पाच ताऱ्यांची.
घ्यायला गेले तेव्हा तक्ता छापून नेला होता.

सप्टेंबर. बफेलो गॅपचं वळण.
शेजारच्या सीटवरून डबा घसरला
आणि मी वाकले.
बाहुला कधी वाकत नाही.
त्याच्याकडे डबा नसतो,
डब्यात कालची वांग्याची भाजी नसते.
हरीण चुकवायला अर्ल माझ्या बाजूला आला.
त्याचा बंपर माझ्या बंपरला भेटलाच नाही,
वरून आला,
जिथे माझ्या गाडीला कुणी कधी मारून पाहिलं नव्हतं.

आवाज आठवत नाही.
पिठासारखी धूळ आठवते, आणि मनात आलेलं:
डावा गुडघा. लाल.

दवाखान्यात तो आला, टोपी हातात,
सफरचंदाच्या आटवलेल्या गराची बरणी घेऊन.
कोपराला एक चिकटपट्टी, बस्स.
बराच वेळ खिडकीतून पार्किंगकडे बघत राहिला.
मग म्हणाला, मला कळत नाही.
मी तिनाचा, तू पाचाची.
मी म्हटलं, तारे आपापल्या वजनाच्या आभाळात मोजतात, अर्ल.
तुझं आभाळ माझ्यावर कोसळलं तर काय,
याचा रकाना नाही आमच्याकडे.
त्याने मान हलवली. समजलं की नाही कोण जाणे.
जाताना बरणीचं झाकण मात्र सैल करून गेला.
माझा एकच हात चालत होता तेव्हा.

फेब्रुवारीत कामावर परतले.
बैठकीत रकान्याचं बोलले.
ग्रेटाने वहीत लिहून घेतलं,
पेन चालेना म्हणून दुसरं मागून घेतलं
आणि पुन्हा लिहिलं.
बाहुल्याचा डावा गुडघा रंगवताना
कुंचला जरा जास्त वेळ फिरतो.
बाकी काम तेच.

हिवाळाभर अर्लच्या जीपला दारं होती.
मला बरं वाटलं, कबूल करते.
मे महिन्यात त्याच वळणावर समोरून आला,
मांडीवर ऊन, दोन्ही बाजू उघड्या,
स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली,
इथे ओळखीचे लोक उचलतात तशी.
मीही डाव्या हाताची उचलायला गेले.
एक उठलं.
दुसरं अजून उठत नाही.