चालेल इतकी चूक

दिवसभर मी दुसऱ्यांचे काटे तपासते.
पंचवटीतले भाजीवाले, सराफ बाजारातल्या काचपेट्या.
वजनाच्या पोटातलं शिसं कुणी खरवडलं असेल
तर काटा हलायच्या आधी माझ्या बोटांना कळतं.
आणि गेले सतरा दिवस
सहाव्या मजल्यावरचा एक फ्लॅट माझ्याच्यानं तोलवत नाही.

तिडके कॉलनी. आठ मजले. ब्याण्णव सालचं बांधकाम.
नावात अजून टॉवर आहे,
पण शेजारी बावीस मजले उभे राहिल्यापासून
तिला दुपारी चारलाच संध्याकाळ होते.

मालक ताजनपुरे, प्रेसमधून रिटायर.
तीस वर्षं नोटा मोजल्या,
स्वतःच्या घराचा आकडा सांगताना मात्र चाचरले,
आणि आधी चहा घ्या म्हणाले.

जयवंतचं मन पाथर्डी फाट्याच्या नव्या स्कीममध्ये.
तिथला सँपल फ्लॅट मीही पाहिला.
दिवे छान होते. पलंग बघून काहीतरी खटकलं.
टेप काढला : साडेपाच फूट.
खोली मोठी दिसावी म्हणून
झोपणाऱ्याचे पाय कापले होते.

इथे भिंत नऊ इंची, खिळा ठोकावा तर खिळाच वाकतो.
बेडरूममधून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
दोन बिल्डिंगांच्या फटीतून, टाचा उंचावल्या तर.
पण खाली पार्किंगमध्ये एका कॉलमचे पोपडे सुटलेत,
आतली सळई गंजून फुगलीय.
देरले इंजिनियर हातोडीनं वाजवत फिरले :
ठक् आलं की पुढे जायचे,
भद् आलं की खडूनं गोल काढायचे.
मी गोल मोजले नाहीत. म्हणजे, अकरा होते.

जमीन अजून बिल्डरच्या नावावर,
बिल्डर वारला, पोरं कोर्टात.
बेडमुथाबाईंनी थकबाकीचं रजिस्टर पुढ्यात ठेवलं.
तीनशे दोन : नऊ वर्षं मेंटेनन्स नाही.
मग तुम्ही काय करता?
काय करणार, म्हणाल्या, त्यांचा मुलगा बरा नसतो.
हे कुठल्या पारड्यात टाकायचं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एजंट खैरनार जिन्यात थांबून हळूच म्हणाला,
मॅडम, दहा वर्षांत रिडेव्हलपमेंट. नवंकोरं घर, फुकटात.
म्हणजे घर घ्यायचं
ते पाडतील या भरवशावर.

बँकेच्या माणसानं कागदावर लिहून दिलं :
इमारतीचं उर्वरित आयुष्य अठ्ठावीस वर्षं.
मी चव्वेचाळीस.
मला असं कुणी सहीशिक्क्यानिशी दिलेलं नाही.
हप्ते संपतील तेव्हा मी रिटायर झालेली असेन,
बिल्डिंगच्या हातात बारा वर्षं उरतील,
आणि लिफ्ट, ही जाळीच्या दाराची लिफ्ट,
तेव्हाही कुठेतरी अडकलेलीच असेल.

आमच्या कायद्यात प्रत्येक वजनाला थोडी चूक माफ असते.
लहान वजनाला लहान, मोठ्याला मोठी.
बिनचूक किलो मी नोकरीत एकदाही पाहिला नाही,
तरी रोज मोहर मारते, आणि लोक त्यावर
साखर घेतात, सोनं घेतात, लग्नं लावतात.
पण घराला किती चूक माफ
याचा तक्ता कुणी छापलेला नाही.

काल ऑफिसातून परस्पर गेले, जयवंतला न सांगता.
टाकीच्या बाजूला कुणाची तरी पापडांची चादर वाळत होती.
जिना चढताना तिसऱ्यावर लिफ्ट उभी, दार अर्धवट.
वरून कुणीतरी ओरडलं : दाऽऽर!
आजूबाजूला पाहिलं. मीच होते.
लावलं.
लिफ्ट धडपडत वर गेली.
वरून आवाज आला, थँक्यू हो वहिनी,
कोणत्या वहिनी ते न बघताच.

टोकनचा चेक पर्समध्ये आहे.
रक्कम लिहिलीय, सही केलीय.
तारीख नाही.