रात्री दहाची पंगत

वरून शंभर येतात.
शंभर काय, ते विचारू नका, शंभर हंडे समजा.
पार्कसाईटच्या चढावर, आमच्या गच्चीतल्या पत्र्याच्या पेटीत
रात्रंदिवस सांडत असतात
आणि खाली चौऱ्याहत्तर घरं.

प्रत्येकाला मी सांगितलंय, वीस तुमचे.
चौऱ्याहत्तर गुणिले वीस किती, ते मला येतं.
सगळे एकदम तोंड लावत नाहीत,
एवढ्या भरवशावर धंदा उभा आहे
आणि दुपारी तो उभा असतोही.

रात्री दहाला बसतो.

"वहिनी, नुसतं गोल फिरतंय."
"वहिनी, विकेट गेली की राहिली?"
पेडणेकरांचं म्हणणं, मी महिन्यातून चारदा
मस्कतच्या मुलीला बघतो,
वरच्या दुर्वेशइतकेच साडेतीनशे का भरू?
दुर्वेश म्हणतो, पावतीवर अमर्याद लिहिलंय,
अमर्याद म्हणजे अमर्याद.
पावती मीच छापून घेतली. शब्दही माझाच.
छापताना स्वस्त वाटला होता.

दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत.

माझे वडील पाटकरी होते, पांझरेच्या काठी.
बंधाऱ्याचं पाणी फडाफडाला, बारीबारीनं.
म्हणायचे, टंचाईत माप काढावं, पोरी,
भरल्या पाटाला माप लावणारा नुसता चिक्कू.
म्हणून दुपारी तीनला कोण किती ओढतो
त्याचे पैसे लावायला हात धजत नाही.
तेव्हा कुणी घेतलं नाही तर ते उरत नाही.
पाणी निदान जमिनीत मुरतं.
हे मुरतही नाही. क्षण गेला की गेलं.

गेल्या महिन्यात कंपनीच्या रॉयस्टननं यादी काढून दिली,
दहा ते अकरा, कोण किती.
मला वाटलं, दुर्वेश.
दुर्वेश तिसरा.
पहिली, खोली एकोणचाळीस. गमरे.

मंजिरी गमरे एकटी राहते. टीव्ही नाही.
मी पावतीबुक घेऊन बरोबर दहाला गेले,
बेल दाबली, परत दाबली,
मग आठवलं, बेलचा तिला काय उपयोग.
दार लोटलेलंच होतं.

फोन पिठाच्या डब्याला टेकवून
ती दोन्ही हातांनी बोलत होती.
पलीकडे नवरा, रसायनीला,
रात्रपाळीला जाण्याआधीचा एवढाच तास,
तोही हातांनी.
मध्येच चित्र गोठलं.
त्याची बोटं अर्ध्या शब्दात थांबली.
तिनं हात खाली घेतले आणि वाट पाहिली,
समोरच्याला खोकला आला की आपण थांबतो तशी.

आपलं "जेवलास का" किती हलकं. आवाज काय, चिमूटभर.
तिच्या "जेवलास का"ला अख्खा माणूस लागतो,
खांद्यापासून नखापर्यंत, भुवईसकट,
भुवई पुसट झाली तर प्रश्न प्रश्न राहत नाही.
बाकीचे नुसते ओढतात,
ती ओढते तेवढंच वर चढवते.

वजनावर घ्यायचे तर सगळ्यांत महाग तिचं जेवण विचारणं.
सारखे घ्यायचे तर पेडणेकर आहेतच.
दहाच्या तासाला जास्त लावावेत
तर तिला दुसरा तास नाही, पाळी कारखाना ठरवतो.

आमच्यात पंक्तिप्रपंच हा शब्द शिवीसारखा वापरतात.
एकाला तूप, दुसऱ्याला ताक.
पण दात पडलेल्याला आई भात मऊ वाढायची,
त्या पंगतीतून कुणी उठून गेलं नव्हतं.

पेडणेकरांचे शंभर कमी केले.
दहा ते अकरा कुणालाच तीनच्या वर नाही.
दुर्वेशची मोठी फाईल बारानंतर, मग हवी तेवढी.
त्यानं विचारलं, एकोणचाळीसला का नाही हा नियम?
त्यालाही ते यादीतूनच कळलं असणार.
सांगता आलं असतं. पण ती गोष्ट माझी नव्हती.
म्हटलं, तिकडची वायर जुनी आहे.
पटलं नाही त्याला. मलाही नाही.

पावतीबुक संपत आलंय.
प्रेसवाला तीन दिवस विचारतोय,
वहिनी, अमर्याद खोडलंत,
त्या जागी काय लिहू?