नावे

तीनशे कोटी लिरा, पहिल्याच फोनवर.
मालक म्हणाले, एल्विरा, लिहून घे.
मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिलं,
पेन्सिलीनं.

गॉफ्रेदो एकोणीस वर्षांचा.
सरोवराकाठच्या वळणावर त्याची गाडी सापडली,
दार सताड उघडं, वायपर चालू,
सीटवर भाजलेल्या चेस्टनटची अर्धी पुडी.
सगळं त्याच्या नावे व्हायचं होतं:
रेशमाची गिरणी, टेकडीवरचं घर, दोन होड्या,
रंगवलेल्या लडी निथळत असतात ते कोठार,
आणि आम्ही, दोनशे दहा माणसं.

आवाज दक्षिणेकडचा होता.
हेल काढून बोलायचा, अदबीनं,
जुन्या गिऱ्हाइकासारखी आधी तब्येत विचारायचा.
मालक त्याच्याशी सुताचा भाव करावा तसे बोलत.
वीस कोटी.
पंचवीस. त्यावर एक लिरा नाही.
यंदा हंगाम बरा नाही हो.
मी तारीख टाकायची, आकडा टाकायची,
चिठ्ठीला टाचणी लावायची.
फोन ठेवला की मालक शेजारच्या मोरीत जात,
नळ सोडत. भिंत पातळ होती.
ओकारीचा आवाज नळाखाली बुडत नाही.

ऐंशी कोटींवर सौदा तुटला.
पन्नास हजारांच्या नोटा, वापरलेल्या, नंबर न लागलेल्या.
सोळा हजार नोटा मी दोन रात्रीत मोजल्या,
स्पंज ओला करत, बोटं पांढरी पडेपर्यंत.
मग कुणी सांगितलं नसताना
रेशमाच्या काट्यावर ठेवून पाहिल्या.
अठरा किलो.
पाच वर्षांचा असताना तो याच काट्यावर चढून बसायचा
आणि तेवढाच भरायचा.

त्या नाताळला बोनस निघाला नाही.
रंगखात्यातला बात्तिस्ता टोपी हातात घेऊन आला,
काही विचारलं नाही, उभा राहिला, गेला.

चौदा महिन्यांनी तो एका बंद पेट्रोलपंपाजवळ सापडला.
दाढी छातीपर्यंत, डोळ्यांना दिवस सोसेना.
आईनं खोली रोज झाडून ठेवली होती,
तो जिना चढलाच नाही.
जिन्याखाली, छत्र्या नि बूट ठेवायच्या जागेत
त्यानं गादी ओढली.
ओर्सोलाबाई पहिला आठवडा
बाहेर खुर्ची टाकून बसून राहिल्या.
मग त्यांनी छत्र्या दुसरीकडे हलवल्या.

मालक गेले त्याला आता तीन वर्षं.
गॉफ्रेदो त्यांच्या खुर्चीत बसायला लागला,
दाराकडे तोंड करून, दार उघडं ठेवून.
एका संध्याकाळी म्हणाला,
एल्विरा, मला कुठल्या खात्यात मांडलंय?

मी किर्द काढली.
नावेच्या बाजूला, माझ्याच अक्षरात:
बॉयलर दुरुस्ती व सुटे भाग.
तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.
हसता हसता पान उलटलं,
आणि मागे टाचलेल्या चिठ्ठ्या दिसल्या.

एकेक वाचत गेला, बोट ठेवून.
एकोणीस मार्चवर थांबला.
पंचवीस कोटी. हंगाम बरा नाही.
म्हणाला, त्या दिवशी सेंट जोसेफचा सण होता,
खड्ड्यात त्यांनी मला तळलेला गोड वडा दिला.
आणि संध्याकाळी साखळी आखूड केली.
कारण सांगितलं नव्हतं.

मोरीतला नळ, ती पातळ भिंत
माझ्या अगदी ओठांवर आली.
पण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत
असलं काही कुठं मांडतात
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी पेन पुढे केलं. त्याला तेच हवं असावं.

त्यानं रकमेशेजारी, समासात,
बारीक सही केली,
खर्च तपासला की करतात तशी.
किर्द मिटली. दिवा घालवू नका म्हणाला.

आणि बॉयलर?
तो खरंच गळत होता.
पुढच्या हिवाळ्यात बदलून घेतला,
त्याचं बिल वेगळं लावलं.