जन्मवेळ

आठल्ये गुरुजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
साडेसतरा.
अठराला अर्धा कमी.
"अर्धा तर रिक्षावालाही सोडतो," मी म्हटलं.
गुरुजी हसले नाहीत.
मुलुंडला, खाली चष्म्याचं दुकान, वर भविष्य.

"गुणांचं नंतर बघू. आधी मुलाची नेमकी वेळ आणा.
पाच दहाच्या आत असेल तर कर्क लग्न, मंगळ चौथ्यात.
पाच दहानंतर सिंह, मंगळ तिसऱ्यात, मग प्रश्नच मिटला."
एक मिनिट इकडे हळवा, एक मिनिट तिकडे मानी.
मुलगा म्हणजे हेरंब. वय एकेचाळीस.
माझंही काही कमी नाही,
आणि माझ्या पहिल्या लग्नात एकतीस गुण जुळले होते.
ते कुणाकडे राहिले, वाटणीत निघालं नाही.

शालनताई लसूण सोलत होत्या.
"घड्याळ कुठलं बाई, भांडुपच्या डोंगरावर आम्ही.
पहाटे नळाला पाणी आलं होतं.
ड्रम अर्धा भरला, तेवढ्यात हा."

अर्धा ड्रम.
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते,
थेंबावरून माणसाचा अंदाज काढते रोज.
दोनशे लिटरचा ड्रम, अर्ध्या इंचाचा पाइप, चढावरचा दाब.
धरा वीस मिनिटं.
पण पाणी सुटायचं किती वाजता?

वॉर्ड ऑफिसात जलखात्याचा क्लार्क म्हणाला,
"एकेचाळीस वर्षांपूर्वीचं? तक्रार आहे का?"
नाही म्हटलं, पत्रिका.
त्यानं पेन ठेवलं, खुर्ची पुढे केली.
त्याच्याही बहिणीचं चाललं होतं.
नाव त्यानंच दिलं: रावजी पाष्टे, चावीवाले, रिटायर,
खिंडीपाड्यात मुलाकडे असतात.

पाष्ट्यांची चावी अजून आहे.
वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड, छातीइतकी उंच.
तिच्यावर नातीचा फ्रॉक वाळत होता.
"टायमिंग पावणेपाच. वहीत रोज पावणेपाच."
मग बशीत चहा ओतता ओतता:
"वही साहेबाची. पाणी माझ्या पायानं यायचं.
पाऊस असला, वाटेत साप निघाला, बायको आजारी,
कधी सव्वापाच, कधी साडेचार.
आणि एकदम खोलायचं नाही. बावीस आटे.
घाई केली की खालचा जोड फुटतो."

मी चावी उचलून बघितली. दोन्ही हात लागले.
पाष्टे म्हणाले, "ठेवा, कंबर धरेल."

हेरंबबद्दल मला माहीत आहे ते एवढं:
सोळाव्या मजल्यावर राहतो, चोवीस तास पाणी,
तरी पहाटे उठतो, गजर न लावता.
बेसिनचा नळ सोडतो, धारेखाली बोट धरतो,
बंद करतो, येऊन परत झोपतो.
त्याचे पाय गार असतात, ते तो माझ्या पायांना लावतो
आणि मी शिव्या देते.
हे कुठल्या स्थानावरून बघतात, कोण जाणे.

गुरुजींना फोनवर सांगितलं, वेळ मिळाली नाही.
"अंदाजे तरी?"
अर्धा ड्रम, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
"मग प्रश्नकुंडली मांडू.
जन्माची वेळ सोडा. तुम्ही विचाराल ती वेळ धरू."
कधी विचारताय, म्हणाले.
कळवते, म्हटलं.

शालनताईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या
सालं वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.
पाष्ट्यांचं नाव ऐकून म्हणाल्या, "आहे अजून?
मेला कायम उशिरा यायचा."
आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर, एकदम:
"त्या दिवशी नळ बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.
ड्रम भरून वाहिला. गल्लीतून पाणी खाली गेलं,
पार शेवंताच्या उंबऱ्यापर्यंत.
एरवी तांब्याभर सांडलं तर भांडण.
त्या दिवशी कुणी काही बोललं नाही."